प्राण्यांचं चॅनल बंद करायचं का? नाशिकच्या एका विरंगुळा केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदिरानगर भागात ज्येष्ठ नागरिक संघाचं एक विरंगुळा केंद्र आहे. एक मोठा हॉल, शेजारी एक लहान खोली, बाहेर बाकडी. हॉलमध्ये कुणा सभासदाच्या मुलाने दिलेला मोठा टीव्ही आणि केबलचं कनेक्शन. माणसांची, चॅनलची, केबलवाल्याची नावं मुद्दाम देत नाहीये, त्याची गरजही नाही. मी त्या संघाचा सभासद नाही, वय व्हायचंय अजून, पण पक्षीनिरीक्षणाच्या निमित्ताने तिथे जाणं-येणं असतं, मीटिंगांना बसलोय, त्यांची वही पाहिलीय आणि सगळ्यांना विचारूनच हे लिहितोय. दुसऱ्या एखाद्या संघाला किंवा शाळेच्या निसर्ग मंडळाला उपयोग होईल म्हणून.

टीव्ही रोज चार ते सहा चालू असतो. आधी त्यावर बातम्या लागायच्या, मग निवडणुकीच्या दिवसांत दोन गट पडले, एकदा रिमोट खिडकीबाहेर गेला, आणि अध्यक्षांनी फतवा काढला की यापुढे बातम्या नाहीत, मालिका नाहीत, फक्त प्राण्यांचं चॅनल. "प्राण्यांवरून कोण भांडणार आहे?" हे त्यांचं वाक्य आता संघात म्हणीसारखं वापरतात, का ते पुढे येईलच.

मंडळी कोण ते थोडक्यात. फॉरेस्टवाले काका, पेठ-हरसूल पट्ट्यात वनरक्षक होते, वनपाल म्हणून रिटायर झाले. ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झालेले एक इंजिनियर, ज्यांना सगळ्याची नोंद ठेवायची सवय. शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाई. नाशिकरोडच्या प्रेसमधले अण्णा, अर्ज आणि पत्रं लिहिण्यात पटाईत. एक रिटायर्ड फौजदार. आणि एक आजी, ज्यांची मुलगी मेलबर्नला असते.

या पिढीने केबल आली तेव्हापासून प्राणी बघितलेत. भारतात डिस्कव्हरी १९९५ ला आलं, नॅशनल जिऑग्राफिक १९९८ ला, अॅनिमल प्लॅनेट त्याच्या पुढच्या वर्षी. बाई सांगतात की तेव्हा त्या मुलांना होमवर्क म्हणून अमुक कार्यक्रम बघून या असं सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर अर्धा तास जायचा. एक सिंहीण दबा धरून बसलीय तर ती बसलीयच, दोन-तीन मिनिटं काही होत नाही, नुसतं गवत हलतंय, आणि शेवटी हरीण निसटून जातं. ते निसटणंही दाखवायचे, कारण शिकार बऱ्याच वेळा फसतेच.

अडचण नेमकी काय होती

सुरुवात कुरकुरीने झाली. "पूर्वीसारखं राहिलं नाही हो" असं रोज कुणीतरी म्हणायचं, पण ते वाक्य तर दुधापासून पेन्शनपर्यंत सगळ्याला लागू आहे त्यामुळे कुणी मनावर घेत नव्हतं. मग एका दिवशी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या.

भारतातल्या जंगलावरचा म्हणून एक कार्यक्रम लागला होता, हिंदी डब केलेला. साल-सागाची झाडं, धुकं, मागे ढोल-ताशे वाजावेत तसं संगीत, आणि मधेच एक पक्षी माणसासारखा खदाखदा हसला. आजी म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आमच्या लेकीकडचा! रोज पहाटे कुंपणावर बसून असाच हसायचा, झोपू द्यायचा नाही मेला." तो कूकाबुरा. ऑस्ट्रेलियातला पक्षी, आपल्याकडे जंगलात असायचा प्रश्नच नाही. सिनेमावाले जंगल म्हटलं की सर्रास हा आवाज टाकतात हे खरं, पण हे सिनेमा नव्हतं, माहिती म्हणून दाखवत होते.

दहा मिनिटांनी फॉरेस्टवाले काका खुर्चीतून उठले आणि टीव्हीच्या अगदी काचेजवळ गेले. बिबट्या एका भेकराच्या मागे लागलाय असा प्रसंग होता. काका म्हणाले, "हा वेगळा, हा वेगळा, आणि हा तिसराच." प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी, त्यावरूनच कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेला, आपोआप टिपणारा कॅमेरा) फोटोत कुठला बिबट्या कोण ते ओळखतात. त्या एका पाठलागात तीन प्राणी वापरले होते, त्यातला एक चांगला रुंद मानेचा नर आणि एक मादी. निवेदक मात्र एकाच "खूंखार शिकारी"ची गोष्ट सांगत होता.

इथे फौजदार म्हणाले की मग काय झालं, बघायला मजा येतेय ना. आणि भांडण सुरू. प्राण्यांवरून.

पहिला निर्णय : आधी नोंद

एचएएलवाल्यांनी सांगितलं की आवडतं-नावडतं यावर बोलून उपयोग नाही, आधी मोजू. पंधरवडाभर चार ते सहा काय लागतं त्याची वही ठेवली. कार्यक्रम कशावर, प्राणी किती वेळ दिसला, माणूस किती वेळ दिसला, जाहिरात किती, रिपीट आहे का. हा मला या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा टप्पा वाटतो कारण त्यामुळे कुरकुरीचे तुकडे पाडता आले.

वहीत जे निघालं ते कुणाच्याच अंदाजासारखं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं जाहिराती फार. नियम तासाला बारा मिनिटांचा आहे, दहा मिनिटं व्यापारी जाहिरातींची आणि दोन चॅनलच्या स्वतःच्या जाहिरातींची, आणि वहीप्रमाणे चॅनल बहुतेक वेळा त्याच्या आसपासच होतं. खरा वेळ खात होतं ते दुसरंच. ब्रेकच्या आधी "आता बघा पुढे काय होतं" म्हणून तेच शॉट, ब्रेकनंतर "आत्तापर्यंत आपण पाहिलं" म्हणून पुन्हा तेच शॉट, म्हणजे मगरीने एकदा तोंड उघडलेलं आणि आपण ते चार वेळा बघितलेलं. दुसरं म्हणजे प्राण्यापेक्षा माणूस जास्त. कुणी साप धरून कॅमेऱ्याकडे बघून ओरडतोय, कुणी जंगलात अळ्या खातोय, कुणी गाड्या दुरुस्त करतोय (प्राण्यांच्या चॅनलवर गाड्या का ते शेवटपर्यंत कळलं नाही). तिसरं म्हणजे "जगातले सगळ्यात घातक अमुक" छापाचे क्रमवारीचे कार्यक्रम, जे जुन्या फिल्ममधले तुकडे जोडून बनवलेले वाटत होते, कारण एचएएलवाल्यांनी एकच शार्क तीन वेगळ्या कार्यक्रमांत पकडला, शेपटीवरच्या एका कापलेल्या खुणेवरून.

हे असं का होतं

मीटिंगमध्ये यावर बरीच चर्चा झाली आणि बरीचशी वायफळ होती, पण बाईंनी दोन गोष्टी नीट मांडल्या.

एक, जुनं सगळं सोनं होतं असं नाही. डिस्नेच्या १९५८ च्या एका माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करतात असं दाखवलं होतं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि नंतर बाहेर आलं की ते प्राणी विकत आणले होते आणि चक्क ढकलले होते. आजही कित्येक लोक लेमिंग आत्महत्या करतात असंच समजतात. तेव्हा खोटेपणा आजचा नाही.

दोन, तरीही काहीतरी बदललंय हे खरं. २०१२ मध्ये अॅनिमल प्लॅनेटने जलपऱ्या खरंच आहेत असं सुचवणारा कार्यक्रम माहितीपटाच्या थाटात दाखवला, त्यात शास्त्रज्ञ म्हणून नट होते, आणि लोकांनी इतकं खरं मानलं की अमेरिकेच्या सागरी खात्याला असा काही पुरावा नाही असं जाहीर सांगावं लागलं. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने मेगालोडॉन नावाचा महाकाय शार्क अजून जिवंत असल्याचा कार्यक्रम केला, तिथेही नट, आणि तो शार्क नामशेष होऊन सुमारे ३६ लाख वर्षं झालीत. दोन्ही कार्यक्रम भरपूर पाहिले गेले. म्हणजे खोटं चालतं हे चॅनलवाल्यांना आकड्यांत दिसलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मुळाशी पैसा आहे. बीबीसीची २००६ ची पृथ्वीवरची ती मोठी मालिका करायला पाचेक वर्षं लागली होती, जगभर कॅमेरामन महिनोन्महिने बर्फात आणि चिखलात बसून होते. एका हिमबिबट्याच्या शॉटसाठी जेवढा खर्च येतो तेवढ्यात दाढीवाल्या माणसाने साप धरायचे अख्खे दहा भाग होतात. त्यात आता चांगला माल कंपन्या आपापल्या अॅपवर टाकतात. केबलवर मग उरतं ते उरतं. मुंबईतल्या बोरिवलीच्या जंगलाजवळ बिबटे रात्री वस्तीत कसे शिकार करतात ते उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बीबीसीनेच २०१६ मध्ये अप्रतिम दाखवलंय, म्हणजे चांगलं काम बंद झालेलं नाही, ते आपल्या चारच्या चहाबरोबर लागायचं बंद झालंय.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय अर्थातच चॅनल काढून टाकायचं. केबलवाल्या पोराला बोलावलं. तो या लोकांना काका-काका करत लहानाचा मोठा झालेला, त्याच्या वडिलांनीच इथे पहिली वायर ओढली होती. त्याने जे सांगितलं ते ऐकून मीटिंग थंड झाली. "काका, हे चॅनल काढलं तर तुमचे दोन-चार रुपये वाचणार. पण ते बुकेमध्ये, म्हणजे चॅनलच्या गठ्ठ्यात आहे. बुके मोडला की क्रिकेटचं चॅनल सुट्टं घ्यावं लागेल, ते एकटंच एकोणीस रुपये. मग बिल कमी नाही, वाढेल."

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, नाशिकची केबल २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात डिजिटल झाली, सेट टॉप बॉक्स आले. मग ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या नियमांनी फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाने हवी ती चॅनल निवडायची आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे असं आलं, वर तेव्हा १३० रुपये आणि जीएसटी असा बेसिक आकार. कागदावर छान. पण कंपन्यांनी सुट्टे दर असे ठेवले की गठ्ठा घेणंच परवडतं, आणि प्राण्यांची चॅनल त्या गठ्ठ्यात भाजीवर फुकट मिळणाऱ्या कढीपत्त्यासारखी येतात. फुकटच्या कढीपत्त्याबद्दल तक्रार कोण ऐकणार? तुम्ही बघा की नका बघू, गठ्ठा विकला गेलेलाच असतो. हा मुद्दा केबलवाल्या पोराच्या तोंडून आला आणि माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं.

दुसरा पर्याय, मोबाईलच्या अॅपवरून टीव्हीवर लावायचं. अध्यक्षांचा नातू वर्गणी भरतो, त्याचा पासवर्ड वापरू. इथे एचएएलवाले अडले. अॅपच्या अटींमध्ये वर्गणी वैयक्तिक, घरगुती वापरासाठी असते, सार्वजनिक हॉलमध्ये चाळीस जणांना दाखवायची परवानगी त्यात नसते. "कोण विचारतंय?" असं तिघे एकदम म्हणाले. ते म्हणाले, कोणी विचारणार नाही हे मलाही माहितीय, पण आपणच चॅनलला खोटेपणाबद्दल पत्र लिहिणार आणि इकडे पासवर्ड उधार घेणार, हे मला जमणार नाही. बऱ्याच जणांना हा अतिरेक वाटला. मला नाही वाटला.

तिसरा पर्याय तक्रार करायचा, चौथा टीव्हीच बंद करून पत्ते आणि कॅरम. पाचवा पर्याय कुणी मांडलाच नाही, तो आपोआप आला.

आवाज बंद

शेजारच्या लहान खोलीत मंगळवारी बायकांचं भजन असतं. प्राण्यांच्या डरकाळ्या आणि ढोल यांनी त्यांना गाता येईना. त्यांच्यातल्या एक काकू हॉलमध्ये आल्या, कुणाशी काही न बोलता रिमोट उचलला, म्यूट दाबलं आणि निघून गेल्या. फौजदारांचीसुद्धा हिंमत झाली नाही परत आवाज करायची.

तर ते सगळे मुकाट बघत बसले. लांडग्यांचं काहीतरी चाललेलं होतं. दोनेक मिनिटांनी फॉरेस्टवाले काका आपणहून बोलायला लागले, हा शेपटी खाली घालून का चाललाय, ही मादी कशावरून, पिल्लं बिळाबाहेर येतात तेव्हा मोठी कुठे बसतात. कुणीतरी विचारलं आपल्याकडे लांडगे आहेत का, मग बोलणं सिन्नरकडच्या माळावर, धनगरांच्या वाड्यांवर गेलं, मग तिथून मेंढ्या, भरपाई, पंचनामा. कार्यक्रम संपला तरी कुणी उठलं नाही.

नंतर बाईंनी जे म्हटलं ते या सगळ्या प्रकरणाचं सार आहे असं मी समजतो. चित्रं चांगली आहेत. कॅमेरा चालवणाऱ्याने काम नीट केलंय, तो कुठेतरी महिनाभर बसलाय. बिघडलंय ते त्यानंतर, टेबलावर. कापताना, जोडताना, संगीत घालताना, निवेदन लिहिताना. आपण "कार्यक्रम खराब" असं एकच लेबल लावत होतो, आणि त्यात त्या कॅमेरावाल्यालाही ओढत होतो. ऐकायला कमी येणाऱ्या सभासदांचं तर म्हणणं होतं की त्या संगीतात निवेदन त्यांना असंही कळत नव्हतं, त्यांच्यासाठी काही बदललंच नाही, उलट बरं झालं.

काय ठरलं, काय केलं

चॅनल ठेवायचं ठरलं. मंगळवारी आवाज बंद करून बघायचं, बोलणार काका आणि बाई. शुक्रवार फौजदारांचा, पूर्ण आवाजात, साप, मगरी, अळ्या, काय पाहिजे ते, आणि त्या दिवशी कुणी चुका काढायच्या नाहीत. फौजदारांची बाजू मला पटते. ते म्हणाले, "मी तीस-पस्तीस वर्षं खरं तेच बघत आलो, आता मला करमणूक पाहिजे, ज्ञान नको." त्यांना खोटं कळत नव्हतं असं नाही, त्यांना चालत होतं.

तक्रारही केली. अण्णांचा पहिला मसुदा दोन पानी होता आणि त्यात "अधःपतन" हा शब्द बऱ्याचदा आला होता. बाईंनी तो बाजूला ठेवायला लावला. दर्जा घसरला ही तक्रार होऊ शकत नाही, कुठल्याच नियमात कंटाळवाण्या कार्यक्रमाला बंदी नाही. पण केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेत जाणूनबुजून खोटं आणि अर्धसत्य दाखवण्याबद्दल कलम आहे. म्हणून दुसऱ्या मसुद्यात फक्त दोन गोष्टी ठेवल्या, तारीख आणि वेळेसकट, ऑस्ट्रेलियाचा पक्षी भारतातल्या जंगलात आणि तीन बिबट्यांचा एक बिबट्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे चॅनलने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो. पोच आली. उत्तरही आलं, गोड होतं, अभिप्रायाबद्दल आभार, संबंधित विभागाकडे पाठवलंय. त्यावर समाधान झालं नाही तर आणखी पंधरा दिवसांत चॅनलवाल्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. ते करायचं राहून गेलं कारण मधे दिवाळी आली आणि अण्णा लेकाकडे पुण्याला गेले.

तिसरं म्हणजे महिन्यातून एकदा बाहेरचं कुणीतरी बोलवायचं, जो स्वतः काढलेले फोटो किंवा व्हिडिओ घेऊन येईल. परवानगीचा प्रश्नच नाही, ज्याचं त्याचं. नाशिकमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत. अंजनेरीच्या गिधाडांवर एक मुलगा बोलला. दुसरी एक मुलगी बिबट्यांवर बोलली, तिने अकोले तालुक्यातला अभ्यास सांगितला, ज्यात जंगल नसलेल्या, ऊस-मक्याच्या, माणसांनी गजबजलेल्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे राहतात असं निघालं होतं, आणि साधारण तेवढेच तरसही. मग तिने आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला, त्याला काढून गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, आणि तो पठ्ठ्या रस्ते, रेल्वेलाइन, खाडी सगळं ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोहोचला. वाटेत एकाही माणसाला हात लावला नाही. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, हे टीव्हीवर का नाही दाखवत? फौजदार म्हणाले, कारण त्याने कुणाला खाल्लं नाही.

थंडीत एक सहलही निघाली, नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा, राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली) पाणथळ, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली. चापडगावच्या गाइडने दुर्बीण लावून दिली, आणि ज्यांना मनोऱ्याचा जिना चढवत नव्हता ते खालीच काठावर बसले आणि त्यांनाच जास्त दिसलं, जांभळ्या पाणकोंबड्या पार पायाशी. एचएएलवाल्यांनी वही आणली होती. दलदलीवर फिरणारा एक शिकारी पक्षी तासभर बदकांवर झेपा घेत होता, एकही मिळालं नाही त्याला. बाई खूश.

मधेच एक परीक्षा

याच काळात शहरात बिबट्याची आवई उठली. नाशिकला हे नवीन नाही, जानेवारी २०१९ ला सावरकर नगरात भरदिवसा बिबट्या शिरला होता आणि गर्दीमुळेच माणसं जखमी झाली. या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बिबट्या फिरतानाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आला, "आपल्या एरियातला, काल रात्रीचा" म्हणून. मंगळवारच्या मंडळींनी तो मोठ्या टीव्हीवर लावला. काका ठिपके बघत बसले, पण उलगडा आजींनी केला. "मागच्या रिक्षेची पाटी बघा की, तेलुगू आहे." गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण त्याच हॉलमधल्या निदान चार-पाच जणांनी तो व्हिडिओ तोपर्यंत पुढे पाठवून झाला होता आणि खोटा आहे असं कळल्यावरही त्यातल्या दोघांनी खुलासा टाकला नाही, म्हणे उगीच वाद नको. म्हणजे वर्गात शिकलेलं मोबाईलवर लागू होतंच असं नाही.

निकाल

चॅनल तसंच आहे, किंबहुना आणखी थोडं खालीच गेलंय. बिल तेवढंच. तक्रारीचं काही झालं नाही. मंगळवारी हॉल आधीपेक्षा जास्त भरतो, भजनाच्या काकूंपैकी दोघी भजन संपल्यावर येऊन बसतात. काही जण मात्र यायचे बंद झाले, त्यांचं म्हणणं असं की टीव्ही बघायला यायचो, शाळेत बसायला नाही. त्यांना परत आणायचा प्रयत्न कुणी फारसा केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वहीबद्दल मला एक शंका तेव्हाही होती. नोंद फक्त दुपारी चार ते सहाची केली. चॅनलवाले दुपारी भरताड आणि रिपीट टाकतात, त्यातल्या त्यात बरं रात्री नऊनंतर किंवा सकाळी लवकर लावतात. दोन-तीन सभासदांनी घरी वेगवेगळ्या वेळी नोंद केली असती तर "चॅनल बिघडलं" म्हणायचं की "आपली वेळ चुकीची" ते ठरवता आलं असतं. ज्यांना हे करायचंय त्यांनी आठवड्यातले निदान तीन वेगळे टप्पे घ्या.

अपीलाची तारीख कॅलेंडरवर लिहून एका माणसावर सोपवायला हवी होती. पत्र लिहायला सगळे असतात, पाठपुरावा करायला अण्णा एकटेच. अपीलातून लगेच काही बदललं असतं असं मी म्हणत नाही, पण कूकाबुरासारखी तारीख-वेळेसकट, नाकारता न येणारी चूक हातात असताना ती तशीच सोडणं जिवावर येतं.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी आधी दोन अटी ठरवायला हव्या होत्या. एका फोटोग्राफरने घरट्यातल्या पिल्लांचे अगदी जवळून काढलेले फोटो आणले, बाईंनी भर कार्यक्रमात विचारलं की हे काढताना आई किती वेळ लांब होती, आणि तो बिचारा वरमला. प्रश्न बरोबरच होता, फक्त तो बोलावतानाच फोनवर विचारला असता तर बरं झालं असतं. टीव्हीवाल्यांना जे नियम लावायचे ते आपल्या गावच्या पोरांनाही लावायला लागतात, आणि ते अवघड जातं कारण ती समोर बसलेली असतात.

आणि सगळं एका माणसावर उभं करणं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते मुलीकडे राहायला गेले तेव्हा मंगळवार बंदच पडला. बाई म्हणाल्या, मला पाठ्यपुस्तकातलं सांगता येतं, पेठच्या जंगलात रात्री पायी फिरल्यावर काय कळतं ते नाही सांगता येत. आता काका परत आलेत आणि एचएएलवाले त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतायत, पण रेकॉर्डिंग लावून त्यावर मुका कार्यक्रम बघायचा की कसं, यावर पुढच्या मीटिंगला चर्चा आहे. फौजदारांचा शुक्रवार मात्र आजवर एकदाही चुकलेला नाही.